के-७४ आणि यू-१३४ : फ्लोरिडाच्या समुद्रातली १८ जुलै १९४३ची रात्र

खाडीपलीकडे (धागाकर्ता), शनिवार रात्र

मायामीला राहायला आल्यापासून महिन्यातून एकदा तरी मुलीला घेऊन इथल्या प्राणिसंग्रहालयात जाणं होतं. शेजारीच जुन्या रेल्वेगाड्यांचं म्युझियम आहे. एकदा तिथल्या फलकावर वाचलं की ही सगळी जमीन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाचा रिचमंड तळ होती. इथून ब्लिंप उडायच्या. ब्लिंप म्हणजे आत सांगाडा नसलेली, हेलियम भरून फुगवलेली वायुनौका. तळावर तीन हँगर होते, प्रत्येक हजार फुटांहून लांब आणि सगळे लाकडी, कारण पोलाद जहाजांना लागत होतं. १५ सप्टेंबर १९४५ला चक्रीवादळ आलं, हँगरना आग लागली आणि आतल्या २५ ब्लिंप एका दिवसात गेल्या. युद्ध संपून महिनासुद्धा झाला नव्हता.

पण धागा काढला तो त्याआधीच्या एका रात्रीसाठी. गेले आठ महिने मी या एका रात्रीचे कागद गोळा करतोय.

१८ जुलै १९४३. संध्याकाळी सातच्या सुमारास के-७४ ही ब्लिंप रिचमंडहून निघाली. आत दहा माणसं, कमांडर लेफ्टनंट नेल्सन ग्रिल्स. के जातीच्या ब्लिंपची लांबी २५२ फुटांच्या आसपास, म्हणजे एसटीच्या सहा-सात गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढी होईल तेवढी. खाली टांगलेली केबिन, दोन इंजिनं, पुढच्या बाजूला एक पॉइंट फाइव्ह-ओ (अर्ध्या इंचाच्या गोळीची) मशीनगन, पोटाखाली चार डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब. फ्लोरिडा आणि क्युबा यांच्यामधल्या पाण्यावर गस्त घालायची होती.

रात्री ११:४०ला रडारवर ठिपका दिसला, आठ मैलांवर. जवळ गेल्यावर चांदण्यात स्पष्ट दिसलं : पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी. ती होती यू-१३४, कप्तान हान्स-ग्युंटर ब्रोझिन.

ब्लिंपसाठी नियम साफ होता. पाणबुडी पाण्यावर असेल तर तिच्या तोफांच्या टप्प्याबाहेर राहायचं, नजर ठेवायची आणि विमानं किंवा जहाजं बोलवायची. ब्लिंपचा जास्तीत जास्त वेग ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास आणि आकार एवढा अवाढव्य, की चांदण्या रात्री तिच्यावर नेम चुकणं कठीण. पण पाणबुडीच्या पुढे, त्याच दिशेला, एक तेलवाहू आणि एक मालवाहू जहाज चाललं होतं. ग्रिल्सनी ती दोन जहाजं पाहिली आणि हल्ला करायचं ठरवलं.

साधारण ११:५०. अडीचशे फुटांवरून के-७४ सरळ पाणबुडीवर गेली. खालून तोफा सुरू झाल्या. ब्लिंपच्या मशीनगननं शंभरेक गोळ्या झाडल्या. उजव्या इंजिनाला आग लागली, ती विझवली. ब्लिंप बरोबर पाणबुडीच्या डोक्यावर आली, डेप्थ चार्ज सोडायची वेळ झाली आणि ते सुटलेच नाहीत. पिशवीला भोकं पडलेली, हेलियम निसटतोय, अशा अवस्थेत ब्लिंप हळूहळू खाली बसली आणि पाण्यावर टेकली.

दहाच्या दहा माणसं जिवंत बाहेर आली. ग्रिल्स गुप्त कागद आणि उपकरणं समुद्रात टाकायला मागे थांबले आणि बाकीच्यांपासून दुरावले. नऊ जण रात्रभर पाण्यात तरंगत राहिले. सकाळी मदत अगदी जवळ आलेली असताना इसाडोर स्टेसेल या मेकॅनिकवर शार्कनं हल्ला केला. उरलेल्या आठ जणांना डाहलग्रेन या विनाशिकेनं उचललं. ग्रिल्सना के-३२ या दुसऱ्या ब्लिंपनं वरून पाहिलं आणि पाणबुडीविरोधी छोट्या बोटीनं, एससी-६५७नं, बाहेर काढलं.

अख्ख्या युद्धात शत्रूच्या माऱ्यानं पडलेली अमेरिकेची ही एकमेव वायुनौका.

आता संशोधनाची गोष्ट. सुरुवातीला मला एक तारीख छळत होती. अमेरिकन कागदांत घटना १८ जुलैची, जर्मन बाजूच्या नोंदी वाचाव्यात तर १९. दोन वेगळ्या चकमकी आहेत की काय, अशी शंका घेऊन मी तीन आठवडे घालवले. मग लक्षात आलं की जर्मन पाणबुड्या जगात कुठंही असल्या तरी त्यांचं घड्याळ बर्लिनचं असायचं. जुलै १९४३मध्ये बर्लिन उन्हाळी वेळेवर, अमेरिकेचा पूर्व किनारा युद्धकालीन वेळेवर. फरक बरोब्बर सहा तासांचा. ग्रिल्सच्या मनगटावर १८ तारखेचे ११:५० वाजले होते तेव्हा ब्रोझिनच्या मनगटावर १९ तारखेचे पहाटेचे ५:५० वाजले होते. डोक्यावर चंद्र तोच.

त्या दिवसापासून वहीत प्रत्येक पानाला तीन रकाने आखले : अमेरिकन वेळ, जर्मन वेळ, ग्रिनिच वेळ. गोष्ट खरी उलगडायला लागली ती तिथून.

इथं कुणी पाणबुड्या, नौदल, जुनी कागदपत्रं यांत काम केलेलं असेल तर जरूर लिहा. प्रश्न बरेच आहेत.

वाचकमन

सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. स्टेसेलचं वाचून पोटात कालवलं. मदत समोर दिसत असताना...

नांगरवाला, रविवार सकाळ

तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली बरीच तेलवाहू जहाजांवर. फ्लोरिडाच्या त्या पट्ट्यातून अनेकदा गेलोय. गल्फ स्ट्रीमचा प्रवाह तिथं फार जोरात उत्तरेकडे ओढतो. पाण्यात पडलेला माणूस रात्रभरात कुठल्या कुठे जातो. ग्रिल्स बाकीच्यांपासून दुरावले आणि सापडायला वेळ लागला, याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

दुसरं म्हणजे चांदणं. १९४२च्या सुरुवातीला जर्मनांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जी मोहीम काढली, तिच्यात यू-१२३च्या हार्डेगननं १४ जानेवारीला नॉर्नेस हे तेलवाहू लाँग आयलंडजवळ बुडवलं. तेव्हा किनाऱ्यावरची शहरं झगमगत होती, अंधार पाळायची सक्ती नव्हती. समुद्राकडून पाहिलं की उजेडासमोर जहाजाची काळी आकृती उठून दिसायची, पाणबुडीला आयतं सावज. के-७४च्या रात्री डाव उलटला. तिथं चांदण्यानं पाणबुडीच उघडी पाडली. पण तेच चांदणं ब्लिंपवरही पडत होतं, हे विसरता येत नाही.

पंचांगवाली

नांगरवाला काकांचं वाचून आजोबांच्या पेटीतलं जुनं पंचांग काढलं. १७ जुलै १९४३, शनिवार, आषाढ पौर्णिमा. म्हणजे गुरुपौर्णिमा! चकमकीच्या रात्री पौर्णिमा उलटून जेमतेम दीड दिवस झाला होता. चंद्र जवळजवळ पूर्ण आणि रात्री पावणेबाराला उगवून दोन-अडीच तास झालेले असणार. तिकडे पाणबुडीवर तोफा धडधडत होत्या तेव्हा इकडे आपल्याकडे १९ तारखेची सकाळ, सव्वानऊ-साडेनऊची वेळ, आणि आषाढ वद्य सुरू होता.

खाडीपलीकडे

पंचांगवाली, हे माझ्या वहीत थेट जातंय. अहवालात नुसतं 'चांदणी रात्र' लिहिलंय, पण चंद्र किती होता हे मी तपासलं नव्हतं. चौथा रकाना आखतो, भारतीय वेळ आणि तिथी. फक्त एक : त्या वर्षी आपल्याकडेही युद्धकाळामुळे घड्याळ एक तास पुढे होतं, त्यामुळे मनगटावर साडेदहाच्या आसपास दिसले असतील.

पंचांगवाली

बरोबर! पेटीतच आजोबांच्या टिपणांत एका पानावर 'नवी वेळ' असं लिहिलेलं दिसतं, ते आत्ता कळलं कशाबद्दल आहे.

तळटीप, रविवार दुपार

लेख आवडला, पण एक बाब पटली नाही. तुम्ही ग्रिल्सकडे सहानुभूतीनं पाहताय. नियम होता, तो त्यांनी मोडला. ब्लिंप गेली, एक माणूस शार्कच्या तोंडी गेला, पाणबुडी तर निसटली. लष्करी शिस्तीत याला शाबासकी देत नाहीत. ज्यानं नियम केला त्यानं विचार करूनच केला असणार ना? २५२ फुटांचा फुगा तोफेसमोर न्यायचा नाही, इतकं ते सरळ आहे.

खाडीपलीकडे

तळटीप, मुद्दा बिनतोड आहे आणि त्या वेळी वरिष्ठांनीही ग्रिल्सवर हाच ठपका ठेवला. अमेरिकन कागदांवरून पाहिलं तर दुसरा निष्कर्ष निघतच नाही : नियम मोडला, डेप्थ चार्ज सुटले नाहीत, नुकसान फक्त आपलं.

पण युद्ध संपताना जर्मन नौदलाचं अख्खं दप्तर कोबुर्गजवळच्या टांबाख किल्ल्यात दोस्तांच्या हाती लागलं. जर्मनांनी ते जाळलं नव्हतं. ते लंडनला गेलं, त्याची मायक्रोफिल्म झाली, आणि मग दोन्हीकडचे कागद शेजारी-शेजारी ठेवता आले. तेव्हा पुढे आलं की यू-१३४लाही त्या रात्री इजा झाली होती. हे कळल्यावर १९६१ साली, म्हणजे अठरा वर्षांनी, ग्रिल्सना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

पदक मिळालं म्हणून निर्णय बरोबर होता, असा माझा दावा नाही. त्यांच्यापुढे कोणत्या दोन गोष्टी होत्या ते बघा. नियम पाळून लांबून फिरत राहायचं आणि मदत येईपर्यंत पाणबुडी त्या दोन जहाजांना गाठेल का हे पाहत बसायचं, किंवा आत जायचं. मी असतो तर काय केलं असतं, हे मला इथं खुर्चीत बसून सांगायचं नाही. पण १९४३च्या चौकशीनं अर्ध्याच कागदांवर माणसाला तोललं, आणि मला तेवढं नक्की अन्यायाचं वाटतं. त्या गस्तीवर यू-१३४नं एकही जहाज बुडवलं नाही, हीसुद्धा नोंद आहे.

तळटीप

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, ते मला ठाऊक नव्हतं. तरी 'बुडवलं नाही' आणि 'ग्रिल्समुळे बुडवलं नाही' यात अंतर आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

खाडीपलीकडे

ते अंतर मलाही मान्य आहे. वहीत त्या वाक्यासमोर तुमचं नाव लिहून ठेवतो.

जुनीपाने, रविवार रात्र

पुण्यात दप्तरखान्यात काम करते, पेशवाईच्या कागदांवर. मोडीचे कागद वाचताना हाच अनुभव येतो. एका सरदाराचं पत्र वाचून लढाई समजली असं वाटतं, आणि मग निजामाच्या बाजूचं पत्र सापडतं की सगळं उलटं होतं.

या विषयात मला आवडणारं उदाहरण यू-१६६चं आहे. ३० जुलै १९४२ला मेक्सिकोच्या आखातात रॉबर्ट ई. ली हे प्रवासी जहाज यू-१६६नं बुडवलं. बरोबर पीसी-५६६ ही छोटी संरक्षक नौका होती, कमांडर हर्बर्ट क्लॉडियस. त्यांनी लगेच डेप्थ चार्ज टाकले आणि पाणबुडी बुडवली असा अहवाल दिला. कुणी मानलं नाही. उलट त्यांची पद्धत चुकली असं ठरवून त्यांना पाणबुडीविरोधी शाळेत पाठवलं. दोन दिवसांनी, १ ऑगस्टला, तटरक्षक दलाच्या एका छोट्या विमानानं एका पाणबुडीवर बॉम्ब टाकला आणि यू-१६६ बुडवल्याचं श्रेय त्या विमानाला गेलं. जवळजवळ साठ वर्षं सगळीकडे तसंच छापलं जात होतं.

२००१मध्ये तेलकंपन्या समुद्राच्या तळाशी पाइपलाइनसाठी पाहणी करत होत्या. दीड किलोमीटर खोल पाण्यात, रॉबर्ट ई. लीच्या अवशेषांपासून जवळच, यू-१६६ सापडली. म्हणजे ती ३० जुलैलाच, क्लॉडियसच्या हातूनच बुडाली होती. विमानानं ज्या पाणबुडीवर बॉम्ब टाकला ती यू-१७१ होती आणि ती निसटली होती. अमेरिकन नौदलानं डिसेंबर २०१४मध्ये क्लॉडियसना मरणोत्तर लीजन ऑफ मेरिट दिलं. मुलाच्या हाती.

ग्रिल्सना अठरा वर्षं लागली, पण पदक स्वतःच्या छातीवर लागलं. क्लॉडियसना ते नशीब नव्हतं.

नांगरवाला

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. समोर जहाज बुडताना पाहिलेल्या माणसाला वर 'तुला जमलं नाही' म्हणून शाळेत पाठवणं... समुद्रावर काम केलेल्याला हे फार लागतं.

वायुवेग, सोमवार

दोन तांत्रिक प्रश्न. एक, ब्लिंपची केबिन गोळ्यांनी चाळण होऊनही पेट का घेतला नाही? न्यूजर्सीतल्या लेकहर्स्टला १९३७मध्ये हिंडेनबर्ग ही जर्मन वायुनौका अर्ध्या मिनिटात जळाली होती. दोन, 'ब्लिंपनं ८९,००० जहाजांना सोबत केली आणि एकच गमावलं' असं वाचनात येतं. खरं आहे का?

खाडीपलीकडे

पहिल्याचं उत्तर हेलियम. हिंडेनबर्गमध्ये हायड्रोजन होता, तो भडकतो. हेलियम पेटत नाही. हेलियमचे मोठे साठे जवळजवळ सगळे अमेरिकेतच होते, टेक्सासमधल्या ॲमरिलोला त्याचा कारखाना होता, आणि त्यामुळेच ब्लिंपचा असा वापर दुसऱ्या कुठल्या देशाला परवडला नसता. शिवाय पिशवीतला दाब अगदी कमी असतो. गोळीनं भोक पडलं तर गॅस फुस्स करून निघून जात नाही, हळूहळू झिरपतो. के-७४ कोसळली नाही, बसली, आणि दहाही माणसं जिवंत बाहेर पडली, ती त्यामुळे.

८९,०००चा आकडा नौदलाच्या बाजूनं नेहमी सांगितला जातो. जे एक जहाज त्यात गमावलं म्हणतात ते पर्सेफोनी हे तेलवाहू, २५ मे १९४२, न्यूजर्सीच्या बार्नेगॅट दीपस्तंभाजवळ, यू-५९३नं बुडवलेलं. पण या आकड्याकडे माझ्या मते जरा सावधपणे बघावं. ज्या ताफ्यांबरोबर ब्लिंप होत्या, त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा युद्धनौका आणि विमानंही होती. मग श्रेय कुणाचं?

ब्लिंपचं खरं काम कुणाला बुडवणं हे नव्हतंच, असं माझं आठ महिन्यांनंतरचं मत झालंय. यू-१३४सारखी, जर्मनांच्या सातव्या जातीची (टाइप सेव्हन) पाणबुडी पाण्यावर १७ नॉटनं, म्हणजे ताशी १७ सागरी मैलांनी जायची, पाण्याखाली फार तर सातनं, आणि तेही बॅटरी संपेपर्यंत. वर ब्लिंप घिरट्या घालतेय हे दिसलं की कप्तान बुडी मारायचा. बुडी मारली की दहा नॉटनं चाललेलं साधं मालवाहू जहाजसुद्धा तिच्या हाती लागत नाही. ब्लिंप तासन्‌तास, जहाजाच्याच वेगानं, त्याच्या डोक्यावर राहू शकायची. विमानाला ते जमत नाही. शेतावर राखण करणारा माणूस किती पाखरं मारतो हे मोजत नाहीत, कणसं किती वाचली हे बघतात. अडचण अशी, की वाचलेल्या जहाजाची कुठल्याच वॉर डायरीत, म्हणजे युद्धातल्या रोजच्या अधिकृत नोंदवहीत, वेगळी नोंद होत नाही.

बे_एरियाकर

+१. पश्चिम किनाऱ्यावरचीही एक नोंद द्यावीशी वाटते. १६ ऑगस्ट १९४२, सॅन फ्रान्सिस्कोचं ट्रेझर आयलंड. एल-८ ही लहान ब्लिंप दोन अधिकाऱ्यांना घेऊन गस्तीवर गेली, लेफ्टनंट अर्नेस्ट कोडी आणि एन्साइन चार्ल्स ॲडम्स. सकाळी पावणेआठच्या सुमारास रेडिओवरून कळवलं की समुद्रावर तेलाचा तवंग दिसतोय, बघतो. तवंग म्हणजे खाली पाणबुडी असण्याची शक्यता. त्यानंतर आवाज नाही. दुपारच्या आत ब्लिंप वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर आली आणि डेली सिटीच्या रस्त्यात उतरली. आत कुणीच नव्हतं. पॅराशूट जागेवर, तराफा जागेवर, गुप्त कागदांची बॅगही जागेवर. अंगात घालायची दोन लाइफजॅकेट तेवढी नव्हती. दोघेही कधीच सापडले नाहीत.

मी डेली सिटीत राहतो. ती ब्लिंप ज्या रस्त्यावर उतरली, तिथून रोज मुलाला शाळेत सोडतो. या दोघांवर लोक भुताखेतांच्या गोष्टी रचतात ते मला आवडत नाही. दोन माणसं कामावर गेली आणि परत आली नाहीत.

अनघा_ऱ्होड_आयलंड, मंगळवार

माझ्या घरापासून पॉइंट जूडिथ अर्ध्या तासावर आहे. ५ मे १९४५ला तिथं, किनाऱ्यावरून दिसेल इतक्या जवळ, यू-८५३नं ब्लॅक पॉइंट हे कोळशाचं जहाज बुडवलं. बारा माणसं गेली. आदल्याच दिवशी हिटलरनंतर जर्मनीचा प्रमुख झालेल्या ॲडमिरल डोनिट्झनं सगळ्या पाणबुड्यांना हल्ले थांबवायचा हुकूम पाठवला होता. तो या बोटीपर्यंत पोचला नसावा असं बहुतेकांचं मत आहे. कप्तान हेल्मुट फ्रोम्सडॉर्फ, वय २४.

अॅथर्टन आणि मोबर्ली या नौकांनी रात्रभर डेप्थ चार्ज टाकले. ६ तारखेला सकाळी लेकहर्स्टहून आलेल्या के-१६ आणि के-५८ या ब्लिंप वर होत्या. त्यांनी सोनोबॉय टाकले. हे पाण्यात तरंगणारे मायक्रोफोन असतात, खालचा आवाज रेडिओवरून वर पाठवतात. त्यावर ब्लिंपमधल्या माणसांना खालून तालात ठोकल्यासारखा आवाज आला, धातूवर धातू आपटल्यासारखा. मग तो थांबला. तळाशी ५५ माणसं होती, एकही वाचला नाही. वर आलेल्या वस्तूंत कप्तानाची टोपी होती.

१९६०मध्ये बुडी मारणाऱ्या डायव्हरनी एका खलाशाचा मृतदेह वर आणला. त्याला इथंच न्यूपोर्टला लष्करी मानानं पुरलं. मी दरवर्षी तिथून जाते. मला जर्मन आरमाराबद्दल काही माया नाही, पण तो ठोकण्याचा आवाज ज्यांनी हेडफोनमध्ये ऐकला, ती माणसं घरी जाऊन काय बोलली असतील, हा विचार मनातून जात नाही. दोन दिवसांत युरोपातलं युद्ध संपलं.

वाचकमन

अनघाताई, शहारा आला.

जुनीपाने

धागाकर्ते, यू-१३४चं पुढे काय झालं? तिची स्वतःची वॉर डायरी मिळते का? त्यात ब्रोझिननं ब्लिंपबद्दल नेमकं काय लिहिलं असेल हे वाचायला आवडेल.

खाडीपलीकडे

यू-१३४ घरी पोचलीच नाही. स्पेनच्या व्हिगोजवळ ऑगस्ट १९४३च्या शेवटी बुडाली, ४८ जण, सगळे. आणि गंमत नव्हे, इथंही श्रेय बदललं आहे. आधी रॉदर या ब्रिटिश नौकेनं २७ ऑगस्टला बुडवली असं मानत. आता २४ ऑगस्टला रात्री एका ब्रिटिश वेलिंग्टन विमानानं बुडवली असं धरतात.

परत न आलेल्या बोटीची शेवटच्या फेरीची डायरी तिच्याबरोबरच जाते. मुख्यालयाच्या डायरीत बोटीनं रेडिओवरून पाठवलेले संदेश तेवढे उरतात. म्हणून त्या रात्रीबद्दल अमेरिकन बाजूनं नऊ माणसांच्या साक्षी आहेत, पानंच्या पानं, आणि जर्मन बाजूनं काही ओळी. त्या ओळींचं वजन मात्र पानांपेक्षा जास्त ठरलं.

या बोटीबद्दल अजून एक : तिनं बुडवलेलं पहिलंच जहाज जर्मन होतं. डिसेंबर १९४१मध्ये, दुसऱ्या कप्तानाच्या हाताखाली, नॉर्वेच्या उत्तरेला श्टाइनबेक हे आपलंच जहाज शत्रूचं समजून बुडवलं. रात्री समुद्रावर समोरचा कोण हे ओळखणं किती अवघड होतं ते यावरून कळावं.

वायुवेग

हे कागद घरबसल्या बघता येतात का? मी नाशिकला आहे.

खाडीपलीकडे

बरेचसे येतात. अमेरिकन नौदलाच्या महायुद्धातल्या वॉर डायऱ्या आणि लढाईचे अहवाल त्यांच्या राष्ट्रीय दप्तराच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये फुकट आहेत. शोधताना ब्लिंपचं नाव टाकू नका, स्क्वॉड्रनचं टाका. रिचमंडचं स्क्वॉड्रन झेडपी-२१. जहाजांसाठी डाहलग्रेनची जुलै १९४३ची डायरी उघडा. एकाच सकाळची नोंद ब्लिंपवाल्यांनी एका तऱ्हेनं केलीय आणि जहाजवाल्यांनी दुसऱ्या. जर्मन कागदांची मायक्रोफिल्म टी-१०२२ या मालिकेत आहे. भाषा अवघड नाही, बहुतेक टंकलिखित आहे, पण जागा अक्षांश-रेखांशात नसते. जर्मनांनी समुद्राचे चौकोन पाडले होते, दोन अक्षरं आणि चार आकडे. तो नकाशा आधी शेजारी उघडून ठेवा, नाहीतर बोट कुठं होती हेच कळत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून तीन रकाने आखा.

बाणकोटचा, बुधवार

विषय थोडा अवांतर आहे, पण इथंच विचारतो. माझे पणजोबा इंग्रज कंपनीच्या जहाजावर खलाशी होते. युद्धात जहाज बुडालं एवढंच घरात सांगतात. कुठं, कधी, कुणाला ठाऊक नाही. आजी म्हणायची, 'तार आली, मग काहीच आलं नाही.' ब्रिटिश जहाजांवर आपल्या कोकणातले इतके लोक होते, त्यांची नावं कुठं लिहिलेली असतात का?

नांगरवाला

असतात. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं जुनं विश्रामगृह आहे, इंडियन सेलर्स होम. तिथं युद्धात समुद्रावर गेलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक आहे. १९३९ ते ४५साठी नावांचं मोठं पुस्तक आहे, आणि तसंच दुसरं चितगावला. ब्रिटिश जहाजांवर एंजिनखोलीत आणि डेकवर आपली माणसं हजारोंनी होती. नावं इंग्रजीत आणि स्पेलिंग मनाला येईल तसं, त्यामुळे आडनावावर अडून बसू नका. वडिलांचं नाव, गावाचं नाव, काय मिळेल ते घेऊन जा. घरात डिस्चार्ज बुक, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, असेल तर त्यावर जहाजाचं नाव असतं. जहाजाचं नाव कळलं की बाकी सगळं सापडतं.

खाडीपलीकडे

बाणकोटचा, अवांतर अजिबात नाही. जहाजाचं नाव मिळालं की इथं लिहा. कोणत्या पाणबुडीनं, कोणत्या चौकोनात, हे काढायला मी आणि जुनीपाने ताई मदत करू.

बाणकोटचा

मंडणगडला काकांकडे पत्र्याची पेटी आहे. गणपतीला जाणार आहे तेव्हा उघडतो.

मॅनहॅटनकर, गुरुवार

पहिल्यांदाच लिहितोय. माझं ऑफिस बॅटरी पार्कच्या समोर आहे. बागेत ईस्ट कोस्ट मेमोरियल आहे : ग्रॅनाइटचे आठ उंच खांब, दोन रांगांत, मध्ये गरुड, समोर खाडीत स्वातंत्र्यदेवता. अमेरिकेजवळच्या अटलांटिकमध्ये जे गेले आणि ज्यांना माती मिळाली नाही, अशा साडेचार हजारांहून जास्त माणसांची नावं त्यावर कोरलेली आहेत. चार वर्षं मी तिथं बसून डबा खातोय, एकही नाव वाचलेलं नाही.

उद्या जेवणाच्या सुट्टीत स्टेसेल शोधतो. मिळालं तर फोटो टाकतो.

खाडीपलीकडे

इसाडोर स्टेसेल. इंग्रजीत एस, टी, ई, दोन एस, ई, एल. हुद्दा एव्हिएशन मशिनिस्ट्स मेट, दुसरा वर्ग. वाट बघतोय.